पद्मिनीला टायर कुठले: मूळ ५.२०-१४, १६५/८० आर १४ की रुंद अलॉय?

कुर्ल्याची_पद्मिनी (धागाकर्ता)
घरची १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिन झालं, ब्रेक झाले, आता चाकं. मूळ साइज ५.२०-१४ (५.२० इंच रुंद, १४ इंची रिमसाठी), क्रॉस-प्लाय म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवे असलेला, ट्यूबवाला. माझं मत ठाम आहे: पत्र्याच्या मूळ रिमा तशाच ठेवायच्या आणि त्यांवर १६५/८० आर १४ (१६५ मिमी रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ इंची रिम) रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसरीकडे सरळ गेलेले टायर, चढवायचे.

हिशोब असा. जुन्या क्रॉस-प्लायची उंची रुंदीच्या साधारण ९५ टक्के. ५.२० इंच म्हणजे १३२ मिमी, त्याची उंची १२५. खालचे-वरचे मिळून २५० आणि रिमचे ३५६, म्हणजे पूर्ण टायर ६०६ मिमीच्या आसपास. १६५/८० भरतो ६२०. फरक दोन टक्क्यांच्या किंचित वर. स्पीडोमीटरचा काटा ६० वर असताना गाडी ६१ च्या थोडी पुढे असेल, बस्स. शिवाय हा साइज स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलांना आलेला आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावीही मिळतो. कोकणात टायर फाटला तर ५.२०-१४ कोण देणार?

घाटवाट
मिळतो म्हणून बसवायचा, हे मला मान्य नाही. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि पुढचं सगळं वजन किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं तिच्यावर, फिरतं. १६५ चा रेडियल रस्त्याला जास्त जागा धरून बसतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून बघा, खांद्यातून कळेल.

दुसरं म्हणजे चढ. १०८९ सीसी, ४० च्या आसपास अश्वशक्ती. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. सपाटीला दोन टक्के कळणारही नाहीत, पण चार माणसं आणि सामान घेऊन खंडाळ्याला तिसऱ्यात रेटताना तेच दोन टक्के तुम्हाला दुसऱ्यात आणतात. आणि क्रॉस-प्लाय वळणावर आधी सांगून सुटतो. रेडियल बराच वेळ धरतो आणि मग एकदम सोडतो. या गाडीचं सस्पेंशन त्या पहिल्या स्वभावाला धरून बनलंय.

रिम_जोडी
दोघेही १९७८ मध्येच अडकलात. आजच्या रस्त्यावर पुढची गाडी डिस्क ब्रेकने जागेवर थांबते आणि आपल्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. थांबायचं तर पकड हवी. मी १८५/६० आर १४ आणि अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रुंद रिमा, सुचवेन. ड्रमला वारा लागतो, पावसात पकड मिळते आणि घाटवाट म्हणतात तो चढाचा प्रश्नही सुटतो, कारण चाक लहान होतं. पिकअप वाढतो.

कुर्ल्याची_पद्मिनी
रिम_जोडी, चाक लहान होतं हे खरं, पण किती? १८५/६० चा व्यास ५७८ मिमी. मूळ टायरपेक्षा २८ ने कमी, म्हणजे गाडी १४ मिमी खाली बसणार. आपल्या गतिरोधकांवर सायलेन्सर आधीच घासतो. काटा ६३ दाखवेल तेव्हा गाडी ६० वर असेल आणि हायवेला इंजिन सतत पाच टक्के जास्त फिरेल.

मोठी अडचण रिमची आहे. १८५/६० ला किमान पाच इंची रिम लागते, १६५/८० चार इंचांपासून चालतो. रुंद रिम बाहेर आली की चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून लांब जातो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका बेअरिंगवर वाढीव जोराने बसतो. नाकापेक्षा मोती जड.

मीटर_डाउन
आमच्या घरी काळी-पिवळी पद्मिनी होती. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी बंद झाल्या, पण गॅरेजवाले शिकवून गेले ते लक्षात आहे.

जुन्या रिमांच्या कडेला ट्यूबलेसचा उंचवटा नसतो, तेव्हा रेडियल घातला तरी ट्यूब हवीच, आणि तीही रेडियलसाठीची. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक क्रॉस-प्लाय असं कधीही नको. दोनच रेडियल घ्यायचे झाले तर ते मागे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय असेल तर ओल्या वळणावर मागची बाजू आधी निसटते. जुना "नवा" टायर घेताना बाजूचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोदामात पडून राहिलेल्या क्रॉस-प्लायवर नक्षी पूर्ण असते आणि कडेला बारीक चिरा. अंगठ्याने दाबून वाकवला की त्या उघडतात. असा टायर फुकट दिला तरी घेऊ नका. घाटवाट, तुमच्या बाजूची खरी अडचण ही आहे.

घाटवाट
चिरांचं बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण २०२८ मध्ये ही गाडी ५० ची होईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची तर गाडी मूळ रूपात हवी.

कुर्ल्याची_पद्मिनी
तो नियम चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांबद्दल आहे, टायरबद्दल नाही. पत्र्याच्या रिमा आणि व्हील कॅप मी ठेवतोच आहे. उद्या प्रदर्शनाला न्यायची झाली तर त्याच रिमांवर क्रॉस-प्लाय परत चढेल. अलॉयला माझा विरोध आहे तो म्हणूनच.

रिम_जोडी
मूळ रिमा माळ्यावर ठेवून अलॉय लावले तर तेही परत फिरवता येतंच की. गाडीत आई-वडील बसणार असतील तर मी आधी ब्रेक मारल्यावर काय होतं ते बघेन.

घाटवाट
मग ब्रेक लायनिंग आणि ड्रम नीट करा. चाक लॉक करण्याइतकी ताकद ड्रममध्येच नसेल तर रुंद टायर थांबवणार नाही.

धागाकर्ते, १६५ च घ्यायचे असतील तर चारही एकदम घेऊ नका. एक घ्या, पुढे डावीकडे लावा, पुढे दोन माणसं बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. मडगार्डच्या आतली कड आणि टायरचा खांदा यांत बोट सहज जायला हवं. मग जमिनीवर आणि टायरवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकला आणि अंतर टेपने मोजा. जुन्या टायरनेही तेच करा. कागदावरच्या व्यासापेक्षा ते अंतर खरं, कारण त्यात गाडीचं वजन धरलेलं असतं. फरक तीन टक्क्यांवर गेला किंवा बोट अडकलं, तर १५५/८० आर १४ शोधा. तो ६०४ मिमी भरतो, मूळ मापाला जवळजवळ चिकटून.