मदत हवी आहे: सौदीतून भावोजींचं पार्थिव गावी आणायचं आहे, कागदावर सही करावी का?

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचे यजमान सौदीत जुबैलला एका कंत्राटदार कंपनीत पाइप फिटर होते. मागच्या बुधवारी रात्री जेवून झोपले. पहाटे शिफ्टला जायला सोबतची मुलं हाक मारायला गेली, तर ते उठलेच नाहीत. हृदयविकार असं रुग्णालयाने लिहून दिलंय. वय ४६. पार्थिव तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या शवागारात आहे. ताई, तिची दोन मुलं आणि भावोजींची आई लांजा तालुक्यात गावी असतात. मी ठाण्याला. धावपळ सगळी मीच करतोय.

कंपनीच्या कारकुनाने काल व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद पाठवला. वर अरबी, खाली इंग्रजी. पार्थिव पाठवायचा अधिकार कंपनीला देत आहे, एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. पण त्याच कागदात पुढे आहे की मयताचा सगळा हिशेब मिळाला आणि वारसांची काहीही मागणी उरलेली नाही. "यावर बायकोची सही आणि नोटरी करून पाठवा, नाहीतर बॉडी हलणार नाही," असं तो फोनवर म्हणाला. एक रुपयाही अजून आलेला नाही.

ताई म्हणते, "पैसे गेले तर जाऊ देत, माणूस घरी येऊ दे." तिचं चुकतंय असं कोणत्या तोंडाने म्हणू? पण भावोजींनी त्या कंपनीत ११ वर्षं काढली आहेत. मुलगा यंदा दहावीला आहे, मुलगी सातवीत. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. मी सही थांबवली आणि त्यामुळे पार्थिव अडकलं, तर ताईला आणि त्या माउलीला काय सांगू?

तिथेच दफन करा, असंही एकाने सुचवलं. सौदीत दहनाची सोय नाही आणि आईंना लेकाला एकदा बघायचंय. त्यामुळे तो विषय आमच्यासाठी नाही.

सही न करता पार्थिव आणता येतं का? विमानाचा खर्च कोणाचा? मुंबईला विमान उतरल्यावर काय करावं लागतं? यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. घाई आहे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं दम्मामला आहे, अशा कामांत इथल्या लोकांना मदत करतो. पहिली गोष्ट, त्या कागदावर सही करू नका. ताईंना सांगा की सही थांबवल्याने माणूस अडकत नाही. दूतावासाला वारसांची संमती हवी असते. पार्थिव भारतात पाठवावं आणि इथली कागदपत्रं करायचा अधिकार अमुक माणसाला दिला आहे, एवढाच मजकूर. तो तुम्ही स्वतः तयार करा. ताईंची सही, भावोजींचा पासपोर्ट क्रमांक, इकामा (सौदीतला निवास परवाना) क्रमांक आणि नोटरी. शेवटी एक ओळ स्पष्ट घाला: हा अधिकार फक्त पार्थिवापुरता आहे, पगार आणि इतर देण्यांबाबत वारसांचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत. जुबैल हे रियाधच्या भारतीय दूतावासाकडे येतं, जेद्दाच्या वकिलातीकडे नाही. ईमेल रियाधला करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवा. कंपनीचा तो कागद दोन्हीकडे जोडा.

खर्चाचं. सौदी कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मयत कामगाराचं पार्थिव तयार करून, जिथून त्याला नोकरीवर घेतलं तिथे पोचवण्याचा खर्च मालकाचा असतो. घरच्यांच्या संमतीने इथेच दफन झालं तर तो सुटतो. तेव्हा ही कंपनीची मेहेरबानी नाही, हे बोलताना लक्षात ठेवा. मालकाने हात वर केले आणि घरची परिस्थिती नसेल, तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून मदत होते.

आता ज्या पैशांवर ते पाणी सोडायला सांगतायत ते किती, तेही बघा. कलम ८४ नुसार पहिल्या ५ वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा, तोही शेवटच्या पगारावर. ११ वर्षांचे साडेआठ पगार होतात. वर थकलेला पगार आणि न घेतलेली रजा. मुलाचं पुढचं शिक्षण त्यात आहे. ही देणी दूतावासामार्फत घरी येण्याची पद्धत आहे, त्यासाठी कारकुनाच्या मर्जीची गरज नाही.

इथे पोलीस, मृत्यूचा दाखला, एम्बामिंग (पार्थिव टिकावं म्हणून औषध भरणं), कार्गो बुकिंग यासाठी अरबी येणारा माणूस हाताशी लागतो. केएमसीसी या केरळी लोकांच्या संस्थेचे (केरळ मुस्लिम कल्चरल सेंटर) कार्यकर्ते हे काम वर्षानुवर्षं करतात, जात-धर्म-राज्य विचारत नाहीत. मी आज त्यांच्याशी बोलतो. इकाम्याची प्रत मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद

मुंबईच्या बाजूचं लिहितो, मी विमानतळावर कार्गोत काम करतो. पार्थिव प्रवाशांच्या दारातून येत नाही, सहारच्या कार्गो संकुलात येतं. उतरण्याआधी विमानतळ आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिचा अर्ज २०२३ पासून 'ई-केअर' पोर्टलवर होतो, कोणत्याही वेळी करता येतो आणि निर्णय ४८ तासांच्या आत अपेक्षित असतो. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाचं ना हरकत पत्र आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत, हे चार कागद लागतात. तिकडून निघण्याआधीच त्यांचे स्कॅन मागवून घ्या.

एअर वे बिलावर (विमान कार्गोची पावती) घेणाऱ्याचं नाव तुमचंच टाकायला सांगा, आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. स्पेलिंगमधल्या फरकापायी माणसं तासन् तास ताटकळलेली मी पाहिली आहेत, आणि गावाला चिता रचून लोक वाट बघत असतात.

पेटी लाकडाची, आतून जस्ताचा पत्रा लावून बंद केलेली असते. हाताने उघडत नाही, पत्रा कापायला माणूस आणि हत्यार गावी तयार ठेवा. मृत्यूला बरेच दिवस झालेले असले की चेहरा बदललेला असतो. आधी तुम्ही एकट्याने बघा, मग आईंना आणि मुलांना जवळ आणायचं की नाही ते ठरवा. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण पेटी उघडल्यावर ठरवायला वेळ नसतो.

प्रतिसाद

मृत्यू परदेशात झाला म्हणजे तुमची ग्रामपंचायत दाखला देणार नाही. दूतावासाकडे मृत्यूची नोंद करून त्यांचं प्रमाणपत्र घ्या. बँक, एलआयसी, शाळा सगळीकडे तेच लागेल. भावोजी एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जायची सरकारी परवानगी) घेऊन गेले असतील तर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद घरात असेल. त्यातले १० लाख अपघाती मृत्यूला आहेत, त्यामुळे रुग्णालयाच्या अहवालात नेमकं काय लिहिलंय ते भाषांतर करून वाचून घ्या. वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून मिळतं, त्याला वेळ लागतो, अर्ज लवकर करा. पण पार्थिव आणायचं त्यासाठी थांबवू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दम्मामवाल्या दादांचा प्रतिसाद ताईला फोनवर शब्द न शब्द वाचून दाखवला. सही थांबवली तरी माणूस अडकत नाही, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मग म्हणाली, तसा कागद करून आण.

संमतीपत्र आज लांज्याला नोटरी करून रियाधला पाठवलं, 'मदद'वर नोंदही केली. कंपनीला फक्त ईमेलने कळवलंय, फोनवर काही बोलत नाही. दादा, इकाम्याची प्रत तुम्हाला व्यनि केली आहे.

आता दोनच गोष्टी हव्या आहेत. सहारहून रात्री निघून थेट लांज्यापर्यंत येणारी, शीतपेटीची सोय असलेली शववाहिका कोणाच्या माहितीत आहे का? आणि रुग्णालयाचा अरबी अहवाल मराठीत किंवा इंग्रजीत नीट सांगेल असं कोणी? असेल तर कृपया व्यनि करा, फोन रात्रीही चालू आहे.