मदत हवी आहे : साहित्यावर दहा मिनिटांचं तोंडी सादरीकरण, विषय सुचवा (एसवायबीए मराठी)

कळवा_फास्ट
नमस्कार. मी ठाण्यात एसवायबीएला आहे, मराठी घेऊन. अंतर्गत गुणांसाठी या वेळी लेखी प्रकल्प नाही, तोंडी सादरीकरण आहे. दहा मिनिटं बोलायचं, मग पाच मिनिटं प्रश्न. पीपीटी चालणार नाही. हातात एक कार्ड आणि पुस्तक, बस्स. साहित्यप्रकार कुठलाही चालेल, फक्त मूळ मराठीत लिहिलेलं हवं.

मी 'मराठी साहित्यातील स्त्री' असा विषय दिला होता. मॅम म्हणाल्या, "आद्य कवयित्री महदंबेपासून सुरू करणार की यंदाच्या दिवाळी अंकांपासून?" वर्ग हसला. मग 'बहिणाबाईंच्या कवितेतील निसर्ग' म्हटलं, तर तो आधीच दोघींनी घेतलाय. 'दलित कविता' म्हटलं, तर पुन्हा तेच : कोणाची, कोणती, का?

शुक्रवारी विषय द्यायचाय. वाचायला आवडतं, पण छंद-वृत्त कच्चं आहे आणि उभं राहून बोलायची सवय नाही. ठाणे जिल्ह्याशी जोडलेलं काही असेल तर बरं वाटेल. कृपया 'गूगल कर' म्हणू नका. करून झालंय, सगळीकडे तीच ती यादी.

तळ्याकाठचा
पु. ल. घे. वर्ग हसेल, मॅम हसतील, दहा मिनिटं कुठे गेली कळणार नाही.

खडूवाला
तळ्याकाठच्या, तो सल्ला मुलीला गाळात घालील. हशा पु.लं.ना मिळेल, गुण हिला मिळायला हवेत. विनोदी उतारा वाचून दाखवणं वेगळं आणि त्यावर बोलणं वेगळं. विनोद का जमला हे समजावून सांगायला लागलं की हसणारे गप्प होतात.

कळवा_फास्ट, मी बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवलं, अशी सादरीकरणं पुष्कळ ऐकली. मॅमचा प्रश्न रास्त आहे. तू जे देते आहेस ते विषय नाहीत, कपाटावरच्या चिठ्ठ्या आहेत. विषय म्हणजे ज्याच्याबद्दल दोन माणसं भांडू शकतील असं काहीतरी.

बहिणाबाईच घे उदाहरणाला. 'कवितेतील निसर्ग' यावर कोण भांडणार? पण हे बघ : बाई १८८० ते १९५१ जगल्या, लिहायला-वाचायला येत नव्हतं, कविता काम करता करता तोंडून यायच्या आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. संग्रह निघाला १९५२ मध्ये, म्हणजे बाई गेल्यावर, अत्र्यांच्या पाठबळामुळे. मग जे छापलंय त्यात बोललेलं किती उरलं? छापताना ओळी कुठे तोडायच्या हे कोणी ठरवलं? 'जात्यावरची कविता कागदावर येताना' असा विषय दे, त्या दोघी 'निसर्ग' करत बसल्या तरी तुझं वेगळंच असेल.

घणसोली_गावठाण
ठाणे जिल्हा म्हणताय तर आमच्याकडे या की. आगरी-कोळी लग्नात धवलारीण येते, विधी तिच्या गाण्याबरोबर चालतात, तेच धवले. आमच्या गावठाणात अजून बोलावतात, पण गाणाऱ्या कमी होत चालल्यात. सिडकोचे टॉवर उठले तरी हळदीला गाणं लागतंच (डीजेही लागतो, तो मुद्दा वेगळा). मोबाईलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवा. मॅम महदंबेचं नाव घेतात तर त्यांनाही आवडेल. महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, तेही लग्नाचेच.

खडूवाला
कल्पना उत्तम, फक्त एक सावधगिरी. नाव सारखं आणि प्रसंग सारखा म्हणून मधल्या सातशे वर्षांची साखळी सिद्ध झाली असं बोलू नये. आणि धवलारिणीला भेटल्याशिवाय, तिची परवानगी घेतल्याशिवाय हा विषय करू नये. शुक्रवारपर्यंत ते जमेल का?

कळवा_फास्ट
घणसोली दादा, फार आवडलं, पण आमच्या घरात, ओळखीत कोणी नाही. माझी मैत्रीण दिव्याची आहे, आगरीच. तिलाही विषय मिळत नव्हता. तिला हा धागा पाठवलाय, ती आत्ताच आईला फोन करतेय!

खडूवाला सर, बहिणाबाईंचा तुमचा प्रश्न भारी आहे, पण मला भीती वाटते. मॅमनी विचारलं "कशावरून?" तर मी काय दाखवू? मूळ वह्या मी थोड्याच बघितल्यात.

खडूवाला
हे विचारलंस तिथेच निम्मं काम झालं. मग तो सोड.

नौपाडा_पोस्ट
ठाण्यात साहित्य संमेलनं झालीत : १९६० ला रा. श्री. जोग अध्यक्ष, १९८८ ला वसंत कानेटकर, २०१० ला उत्तम कांबळे. तीन अध्यक्षीय भाषणं शेजारी ठेवून बोलता येईल. समीक्षक, नाटककार, पत्रकार, तिघांची तऱ्हा वेगळी.

तळ्याकाठचा
आणि ऐकणारे सगळे झोपलेले, तेही एकाच तऱ्हेने.

वागळे_इस्टेट_१६
नारायण सुर्वे! 'माझे विद्यापीठ', १९६६. आम्ही कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली पोरं, आता वागळेत कॉल सेंटरं. त्या कविता मोठ्यानं वाचायलाच लिहिल्यात असं वाटतं. छंद-वृत्ताची भीती असेल तर तिथे ती नाही.

कळवा_फास्ट
सुर्वे पण गेलेत हो. एका मुलाने पहिल्याच दिवशी घेतले.

टिटवाळा_लोकल
मला थोडं उशिरा दिसलं. ठाणे जिल्हा हवा असेल तर गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' कोणीच कसं सुचवलं नाही? १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातल्या वारल्यांच्या उठावाची कहाणी, ज्यांनी तो उभा केला त्यांच्यापैकीच एकीने लिहिलेली. उंबरगाव पुढे गुजरातेत गेलं. डहाणू-तलासरी आज पालघरमध्ये मोडतात, पण २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते.

थोडक्यात पार्श्वभूमी. जमीनदाराकडे फुकट राबायचं, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे बांधील, तो लग्नगडी. कर्ज काही फिटायचं नाही. १९४५ च्या जानेवारीत किसान सभा या शेतकरी संघटनेची परिषद आमच्या टिटवाळ्याला भरली. (लोकांना टिटवाळा म्हटलं की गणपतीच आठवतो, हे कोणी सांगत नाही.) तिथे वारली आले होते. मे महिन्यात झरी गावात मोठी सभा झाली, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पुढे संप, गोळीबार, तडीपारी, सगळंच.

पण दहा मिनिटांत हा इतिहास सांगत बसलीस तर ते साहित्याचं सादरीकरण राहणार नाही, ही अडचण आहे खरी.

मी_मराठी_एमए
+१, आणि त्या अडचणीवर उपाय आहे. पुस्तकाकडे 'काय घडलं' म्हणून बघू नकोस, 'कोण सांगतंय' म्हणून बघ.

गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, शिकलेल्या. त्या जंगलपट्टीत जातात, तिथलं बोलणं समजून घेतात, आणि मग आपल्यासारख्या वाचकांसाठी प्रमाण मराठीत लिहितात. वारल्याचं दुःख वारली सांगत नाही, बाई सांगतात. त्या कुठे 'मी' म्हणतात, कुठे 'आम्ही', कुठे 'ते'? वाचताना पेन्सिलीनं खुणा करत जा. मुद्दे आपोआप दिसायला लागतील.

आणि याच्या शेजारी एकच कविता ठेव : वाहरू सोनवणे यांची 'स्टेज'. 'गोधड' या संग्रहात आहे, लहानशी आहे, मुक्तछंदात आहे. आशय असा की आम्ही कधी स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलंही नाही, आम्हाला खाली बसवलं आणि ते वर उभं राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले. सोनवणे स्वतः भिल्ल, शहाद्याच्या आदिवासी चळवळीतले कार्यकर्ते. आता हे दोन्ही समोरासमोर ठेवले की तुझ्या मॅमना हवं असलेलं भांडण तयार. परुळेकरांचं पुस्तक म्हणजे त्या स्टेजवरून केलेलं भाषण आहे का? की त्या स्टेजवरून खाली उतरल्या?

मला स्वतःला वाटतं, पुस्तकात दोन्ही आहे. पण तू माझं ऐकू नकोस, वाचून ठरव.

खडूवाला
वा. हा विषय मी शिकवत असताना कोणी दिला असता तर बरं झालं असतं.

एक दुरुस्तीवजा सूचना. वारली डहाणूकडचे, सोनवणे नंदुरबारकडचे भिल्ल. भाषा वेगळ्या, काळात काही दशकांचं अंतर, चळवळी वेगळ्या. 'आदिवासी साहित्य' अशा एकाच पोत्यात दोन्ही भरलेस तर पहिला प्रश्न तोच येईल. तूच सुरुवातीला एका वाक्यात सांगून टाक : सोनवण्यांची कविता परुळेकरांना दिलेलं उत्तर नाही, मी तिच्यातला प्रश्न उचलून या पुस्तकाला विचारते आहे. एवढं म्हटलंस की वाट मोकळी.

दुसरा प्रश्न हमखास येईल : 'जेव्हा माणूस जागा होतो' हे साहित्य आहे की चळवळीचा अहवाल? पुरस्कार मिळाला म्हणून साहित्य, हे उत्तर देऊ नकोस. एखादा परिच्छेद निवड, जिथे नुसती माहिती देऊन भागलं असतं तरी बाईंनी माणूस, त्याचं बोलणं, त्याची भीती दाखवली आहे. तो वाचून दाखव. उत्तर त्यातच आहे.

कळवा_फास्ट
अंगावर काटा आला. हेच घेते. पण मी पण स्टेजवरच उभी असणार ना? मी कळव्याची, डहाणूला एकदा बीचवर गेलेय, बस्स. मला पण तोच प्रश्न लागू होत नाही का?

मी_मराठी_एमए
होतो. ते शेवटी दोन वाक्यांत बोललीस तर चालेल, पण रडवेलं करू नकोस. आणि सुरुवातीला तर नकोच, नाहीतर ते सादरीकरण तुझ्याबद्दलचं होऊन बसेल.

टिटवाळा_लोकल
पुस्तक कुठे मिळेल ते सांगतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात आधी बघ, १८९३ पासूनची संस्था आहे, जुनी पुस्तकं असतात. सभासद नसशील तर घरातले जुनेजाणते विचार, कोणाचं तरी कार्ड निघतंच. पूर्ण पुस्तक वाच, सारांश नको.

वागळे_इस्टेट_१६
एक धोक्याची सूचना माझ्याकडून. माझ्या पुतण्यानं एआयला कवितेच्या ओळी विचारल्या, त्यानं ऐटीत आठ ओळी लिहून दिल्या. कवीनं आयुष्यात न लिहिलेल्या! पुस्तकात डोळ्यांनी दिसली ती ओळ तुझी, बाकी सगळं सोडून दे.

कळवा_फास्ट
नोंद केली काका. आता बोलण्याचं सांगा ना कोणीतरी. मी घाबरले की भराभरा बोलते.

खडूवाला
बहुतेक मुलं पहिली तीन मिनिटं जन्म, गाव, शिक्षण, पुरस्कार यात घालवतात. ते सगळं एका वाक्यात आटप. पहिलं वाक्य पुस्तकातलं असावं किंवा कवितेतलं. मग प्रश्न सांग. मग पुस्तकातले दोन उतारे, दोनच, प्रत्येकी मिनिटभराचे, आणि प्रत्येकानंतर तुला काय दिसलं ते. कविता साधारण मध्यावर आण. ती आधी वाचलीस तर पुस्तक आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसेल, अगदी शेवटी वाचलीस तर तिच्यावर बोलायला वेळ उरणार नाही.

शब्द मोजायचे असतील तर सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे धर. भराभर बोलणाऱ्यानं हजार शब्दांच्या वर तयारीच करू नये. पाठ करू नकोस. कार्डावर उताऱ्यांचे पान क्रमांक आणि चार-पाच शब्द, एवढंच. कविता मात्र पाठ हवी, आणि ओळ संपली की थांबायचं. मुक्तछंदात ओळ कुठे तुटते यालाच अर्थ असतो, आणि तुला छंद-वृत्ताची भीती वाटते तर एवढं सांभाळलंस तरी पुरे.

घणसोली_गावठाण
आणि वारली लोकांचं बोलणं वाचताना आवाज बदलून, हेल काढून वाचू नका. टीव्हीवर आमची आगरी भाषा अशीच करतात, डोकं फिरतं.

मी_मराठी_एमए
हे फार महत्त्वाचं. साध्या आवाजात वाच.

दिव्याची_पोर
मी ती मैत्रीण. घणसोली दादांना धन्यवाद. आईची मावशी धवलारीण होती हे मला आज कळलं! तिच्याबरोबर गाणाऱ्या एक आजी बेतवड्याला आहेत, रविवारी जातेय. गाणी लग्नाशिवाय म्हणतील का, हे आधी विचारायला आईनं सांगितलंय.

घणसोली_गावठाण
बरोबर सांगितलंय. नाही म्हणाल्या तर जबरदस्ती नको. नुसतं बसून गप्पा मारल्यात तरी खूप निघेल. नारळ घेऊन जा.

कळवा_फास्ट
शीर्षक असं लिहिलंय, बघता का : "'जेव्हा माणूस जागा होतो' मधील निवेदकाचे स्थान आणि 'स्टेज' या कवितेतील प्रश्न : एक चिकित्सक अभ्यास".

खडूवाला
'एक चिकित्सक अभ्यास' काढ. दहा मिनिटांत ना चिकित्सा होते ना अभ्यास.

मी_मराठी_एमए
'निवेदकाचे स्थान' पण जड आहे. 'स्टेजवर कोण? परुळेकरांचं पुस्तक आणि सोनवण्यांची कविता' असं कर. मॅमना प्रमाण भाषा हवी असेल तर 'परुळेकरांचे' लिही.

कळवा_फास्ट
केलं. पुस्तक मिळालंय, शेजारच्या काकूंच्या कार्डावर, दहा दिवसांसाठी. पहिल्या पन्नास पानांत 'आम्ही' कुठे येतो त्याला पेन्सिलीनं खुणा करतेय. (काकूंना सांगू नका, परत देताना खोडणार आहे.)

तळ्याकाठचा
आता मलाही वाचावंसं वाटायला लागलं. तुझे दहा दिवस संपले की सांग, पुढचा नंबर माझा. खुणा खोडू नकोस.