घरी ५.१ मिक्स करायचंय: दशावताराच्या माहितीपटासाठी सल्ला हवा

ओसरी_कुडाळ

नमस्कार मंडळी. गेल्या जत्रेच्या हंगामात आमच्या देवळासमोर रात्रभर चाललेला दशावतार मी चित्रित केला. २२ मिनिटांचा माहितीपट एडिट होऊन तयार आहे, आवाजाचं ५.१ मिक्स (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर) बाकी आहे.

आवाज तीन ठिकाणचा आहे. एक रेकॉर्डर पेटी, पखवाज आणि झांज बसतात त्यांच्या शेजारी. दुसरा प्रेक्षकांच्याही मागे, साधारण ५० फुटांवर, माडाला बांधलेला. तिसरा म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाच्या अंगरख्यात लपवलेला छोटा माइक. मागच्या रेकॉर्डरने जे पकडलंय ते ऐकून मी अडकलोय. संकासूर (खेळातला राक्षस) येताच पोरांची पळापळ, एका आजीचं नातवाला जवळ घेऊन समजावणं, खाज्याच्या दुकानातल्या तराजूची खणखण. हे सगळं बघणाऱ्याच्या पाठीमागून यायला हवं. पुढच्या दोन स्पीकरांत कोंबलं की जत्रा उरत नाही.

माझ्याकडे १० बाय १२ ची खोली, पाच छोटे स्पीकर आणि सबवूफर असलेला जुना होम थिएटरचा संच (एव्ही रिसीव्हरसह, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा), विंडोजचा लॅपटॉप आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह आहे. खर्चाची तयारी जास्तीत जास्त ४० हजार. पहिला खेळ देवळाच्या सभामंडपात, मंडळीच्या कलाकारांसमोर करायचाय. त्यानंतर यूट्यूब. काय विकत घेऊ?

पश्चिमरेषा

सध्या काहीच घेऊ नका. अंधेरीत मिक्सिंगचं काम करते, त्यामुळे ठामपणे सांगते: आहे तो संच आधी नीट लावा.

लॅपटॉप ते रिसीव्हर एचडीएमआयनेच जोडा. ऑप्टिकल केबलमधून न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो, ५.१ न्यायचा तर तो डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये बांधावा लागतो. मिक्स करताना ते सोयीचं नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडा. रिसीव्हरवर 'डायरेक्ट' किंवा तत्सम मोड ठेवा. सिनेमा, हॉल, म्युझिक असले सगळे इफेक्ट बंद.

मांडणी अशी: तुमच्या नाकाच्या रेषेत सेंटर, डावा-उजवा ३० अंशांवर, मागचे दोघे साधारण ११० अंशांवर. म्हणजे जवळजवळ कानांच्या बाजूला, किंचित मागे. अगदी पाठीशी नाही. पाचही तुमच्यापासून सारख्या अंतरावर हवेत. खुर्ची भिंतीला टेकवू नका.

मग पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळाट) सोडून एकेक स्पीकर मोजा. मोबाइलचं अ‍ॅप चालेल, कारण चूक असली तरी पाचही स्पीकरांना तीच असते आणि आपल्याला फक्त बरोबरी करायचीय. लहान खोलीत ७६ ते ७९ डेसिबल पुरे. थिएटरचं ८५ घरात लावलंत तर कान थकतील आणि सगळं गरजेपेक्षा कमी आवाजात मिक्स होईल. पातळी जमली की रिसीव्हरच्या बटणावर चिकटपट्टी लावा. काम संपेपर्यंत ते हलता कामा नये.

तानपुरा_मिरज

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण रिसीव्हरबद्दल वेगळं मत आहे. कित्येक रिसीव्हर आवाज थोडा उशिरा सोडतात आणि मग ओठ आणि शब्द जुळतायत की नाही हेच कळत नाही. ४० हजारांत सहा किंवा जास्त आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज थेट स्पीकरांकडे नेणारा डबा) बघा. बेहरिंगरच्या यूएमसी१८२० ला दहा आउटपुट आहेत. स्पीकर पुढे हळूहळू बदलता येतील.

मिक्सिंगचं सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर सुचवेन. ६० दिवस वापरून बघता येतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. ट्रॅक सहा चॅनेलचा केला की त्याच्या सोबतच येणाऱ्या रीसराउंडपॅनने आवाज हवा तिथे नेता येतो. अर्थात रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या आवाजाच्या विभागातही ५.१ बस (सगळे ट्रॅक एकत्र येतात ती वाट) होते. हात बसला असेल तर तिथेच राहा.

खोलीचं मात्र लक्षात ठेवा. १२ फुटांमुळे ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांमुळे ५६ च्या आसपास खोली घुमेल. एका जागी पखवाज छाती हलवेल, दोन फूट सरकलात की गायब. कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या केल्यात तर मधले-वरचे स्वर आवरतील, ४७ हर्ट्झला त्या पुरणार नाहीत. खर्जाचा निर्णय चांगल्या हेडफोनवर ताडून मगच घ्या.

ओसरी_कुडाळ

दोघांचेही मनापासून आभार. काल सगळं मांडलं. एचडीएमआयवर पाचही स्पीकर वाजले. मागचा रेकॉर्डर मागच्या दोन स्पीकरांत सोडला आणि अंगावर काटा आला. पण झांज वाजली की दोनदा ऐकू येते, एकदा पुढून आणि लगेच मागून. राजाच्या बोलण्यालाही तसंच. सिंक (तिन्ही रेकॉर्डिंगची वेळ) तर क्लॅप देऊन, म्हणजे टाळीच्या आवाजावर जुळवून लावलेला आहे.

पश्चिमरेषा

सिंक बरोबर आहे म्हणूनच हे होतंय. ५० फूट कापायला आवाजाला साधारण ४४ मिलिसेकंद लागतात, २५ च्या गतीने एका फ्रेमहून थोडं जास्त. पेटीच्या लांब स्वरात ते विरघळतं, झांजेच्या ठोक्याला लगेच उघडं पडतं.

मागचा ट्रॅक ३० मिलिसेकंद अलीकडे सरकवा, म्हणजे तो तेवढा लवकर वाजेल. रंगमंचाचा आवाज तरीही मागून जरासा उशिराच येईल, त्यामुळे कान दिशा पुढचीच धरेल, पण दोन वेगळे आवाज ऐकू येणार नाहीत. आजी आणि पोरं ३० मिलिसेकंद लवकर आली तर कुणालाही कळणार नाही. राजा बोलतो तिथे मागचा ट्रॅक खाली घ्या आणि त्याचा वरचा भाग थोडा कापा. संकासूर आल्यावर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हाताने उचला. आजीच्या वाक्यासाठी पूर्ण वर. हे ऑटोमेशनने आखू नका, पडद्याकडे बघत हाताने वाजवा, मग दुरुस्त करा.

राजाचा माइक मात्र सेंटरमध्येच, एकटा.

तानपुरा_मिरज

सेंटरला माझा विरोध असायचा. खोलीत मधोमध बसलं की डाव्या-उजव्यातून आवाज आपोआप मध्ये येतो, आणि बारक्या सेंटर स्पीकरपेक्षा भरदार वाटतो. पण सभामंडपात लोक खांबांच्या आडून, कडेकडेने बसणार. डावीकडे बसलेल्याला राजा डाव्या स्पीकरमध्येच ऐकू येईल. तुमच्या खेळासाठी सेंटरच योग्य.

रत्नाकर_डोंबिवली

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माझी दोन वर्षांची मेहनत तिच्यामुळे वाया गेली होती. माझा लघुपट एका महोत्सवात लागला आणि सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून आले. मागे डावीकडची गर्दी नाहीशी, सबवूफर उगाच गुरगुरतोय, मागे उजवीकडून फक्त धप धप. सव्वीस मिनिटं तसाच चालला.

कारण चॅनेलचा क्रम. माझी फाइल चित्रपटाच्या क्रमाने होती: डावा, सेंटर, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई (सबवूफरचा वेगळा खर्जाचा चॅनेल). समोरच्या प्लेअरने ती वेव्ह (.wav) फाइलच्या नेहमीच्या क्रमाने वाचली: डावा, उजवा, सेंटर, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. फाइल बाहेर काढल्यावर प्रत्येक चॅनेलमध्ये त्याचं नाव उच्चारलेली एक चाचणी-फाइलही त्याच सेटिंगने काढा, आणि खेळाआधी सभामंडपात ती वाजवा. एक मिनिट लागतं.

पश्चिमरेषा

रत्नाकरजी, वाचून खरंच वाईट वाटलं. हे प्रत्येकाने करायलाच हवं.

आता एलएफई. पखवाज त्यात टाकू नका. तो चॅनेल १२० हर्ट्झपर्यंतचाच असतो आणि ५.१ चं स्टिरिओ करताना बहुतेक वेळा टाकून दिला जातो. मोबाइलवर बघणाऱ्याचा पखवाज पोकळ होईल. पखवाज पुढच्या स्पीकरांत पूर्ण ठेवा, त्यांना न झेपणारा खर्ज रिसीव्हर स्वतःच सबवूफरकडे वळवतो. तुमच्या माहितीपटात एलएफई रिकामा राहिला तरी काही बिघडत नाही.

स्टिरिओ करताना सेंटर आणि मागचे चॅनेल साधारणतः ३ डेसिबल खाली येऊन डाव्या-उजव्यात मिसळतात. दर दिवसाचं काम संपलं की तसं ऐका. झांज नळीतून आल्यासारखी वाटली तर मागचा ट्रॅक अजून थोडा खाली घ्या. यूट्यूबसाठी ४८ किलोहर्ट्झ, एएसी, ५१२ केबीपीएस, ५.१ साठी त्यांची तीच शिफारस आहे.

ओसरी_कुडाळ

३० मिलिसेकंदांनी काम झालं. झांज एकच ऐकू येते. इंटरफेस पुढच्या महिन्यात घेतो, तोपर्यंत ओठांसाठी लॅपटॉपवर हेडफोन लावून तपासतोय.

काल रात्री पखवाज वाजवणाऱ्या काकांना मधल्या खुर्चीत बसवून संकासुराचा प्रवेश ऐकवला. आजीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वळवून मागे बघितलं, आणि मग म्हणाले, पेटी जरा जास्त झालीय, आम्ही बसतो तिथून ती एवढी ऐकू येत नाही. आज पेटी दीड डेसिबल खाली घेतली.

सभामंडपासाठी साउंडवाल्याकडून पाच सारखे बॉक्स मिळतायत. मागचे दोन खांबांना किती उंचीवर बांधू?

पश्चिमरेषा

लोक जमिनीवर बसणार ना? मग सात-आठ फुटांवर बांधा, तोंड समोरासमोर आणि किंचित खाली. कडेला बसलेल्यांच्या कानाशीच बॉक्स आला तर त्यांना फक्त गर्दी ऐकू येईल. लोक बसल्यावर मागची पातळी पुन्हा एकदा बघा, भरलेला मंडप आवाज पितो.