२०२० आधीची लढाईही सांगा

सर्रास म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने बायकांना लष्करात कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याचा हक्क, ‘मिळालं’. इतकं सोपं नव्हतं ते. डॉक्टर आणि नर्सिंग सोडून इतर शाखांत महिला अधिकारी घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली, तीही पाच वर्षांपुरती. मुदत वाढत वाढत १४ वर्षांवर गेली. पेन्शनला मात्र २० वर्षं सेवा लागते! म्हणजे ऐन चाळिशीच्या तोंडावर, पोरं शाळेत असताना, घरी. २००८ मध्ये फक्त कायदा आणि शिक्षण शाखेतल्या बायकांना कायम कमिशनचं दार उघडलं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकूनही बाकीच्यांची दहा वर्षं सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यानंतरही, पुरुषांना नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी लावतात ते तब्येतीचे निकष चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना लावले. त्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा निकाल घ्यावा लागला.

आमच्या धुळ्यात पहाटे पोरी भरतीसाठी पळतात, बाप कडेला मोबाईलवर वेळ मोजत उभा असतो. खान्देशातल्या या घरांना पोलीस भरती पाठ असते. बारावीनंतर एनडीएची (सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या पुण्याजवळच्या प्रबोधिनीची) परीक्षा मुलींनाही देता येते, हे कृपया त्यांना सांगा. पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये तिथून शिकून बाहेर पडल्या. पायदळ आणि रणगाडा दल मात्र बायकांना अजून बंदच आहे.