मदत हवी आहे : लेथवरून फणसाचा वाडगा उडून चेहऱ्यावर लागला. परत उभा राहण्याआधी काय काय बदलू?

नमस्कार मंडळी,

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा. थोडं लांबलंय, पण काय झालं ते सविस्तर सांगितल्याशिवाय नेमकं चुकलं कुठे हे कळायचं नाही.

मी लांज्याजवळ राहतो. तीन वर्षं झाली, फावल्या वेळात लेथवर काम करतो. शिकवणारं जवळ कुणी नाही, व्हिडिओ बघून बघूनच शिकलो. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट, असली बारीक कामं आतापर्यंत केली. गेल्या पावसात अंगणातला फणस पडला. आजीने लावलेला. काका, आत्या, आम्ही भावंडं, सगळे त्याचे गरे खाऊन वाढलो, म्हणून प्रत्येकाच्या घरी त्याच झाडाचा एकेक वाडगा जावा असं मी ठरवलं. ओंडके कापले, टोकांना मेण लावलं आणि पडवीत रचून ठेवले.

आता अपघाताचं. सात आठवडे झाले. अर्धा ओंडका घेतला होता, १० इंच व्यासाचा, साधारण साडेतीन किलो, अजून ओलाच. काठाला साल तशीच ठेवायची होती, त्यामुळे बूड आलं ओंडक्याच्या मध्याच्या बाजूला. पहिल्या दिवशी टेलस्टॉकचा (लाकडाला दुसऱ्या टोकाने टेकू देणाऱ्या भागाचा) आधार देऊन बाहेरची बाजू कातली, बुडाला चकात (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरण्यासाठी टेनन, म्हणजे गोल उंचवटा, काढलं. सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंची दोन लाटणी करून द्यायची होती, म्हणून पट्टा १८०० आरपीएमच्या (मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या) पुलीवर चढवला. तिसऱ्या दिवशी वाडगा चकात धरला, आतून कोरायचं म्हणून टेलस्टॉक मागे घेतला आणि बटण दाबलं. पट्टा लाटण्याच्याच पुलीवर होता. मी बघितलंच नाही.

पटाशी लाकडाला टेकलीसुद्धा नव्हती. लेथ थरथरला, मी बटणाकडे हात नेला, एक कोरडा ‘टक’ आवाज आला आणि पुढचं आठवतं ते जमिनीवर बसलेलं. डोळ्याला गॉगल होता, साधाच, हार्डवेअरच्या दुकानातला. त्याची डावी काडी मोडली, पण डोळा वाचला. डाव्या गालाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. डाव्या बाजूचा वरचा ओठ अजून बधिर आहे, चहा पिताना कप ओठाला लागला की नाही ते कळत नाही.

पंधरा दिवसांनी पडवीत जाऊन बघितलं तर चकाच्या जबड्यात टेननची चकती तशीच घट्ट पकडलेली होती. ती सोडवून उन्हात नेली. ताजं मोडलेलं लाकूड पिवळंधमक होतं, आणि बरोब्बर मधून एक काळपट रेघ चकतीच्या दोन तृतीयांश भागापर्यंत गेलेली. म्हणजे ती चीर आधीपासून होती. मी टेनन कातलं तेव्हाही ती तिथे असणार.

आता माझे प्रश्न. पट्टा चुकला हे कळलं, पण पट्टा बरोबर असता तरी हे टेनन तुटलं असतं का? १० इंचाला वेग किती ठेवावा? उभं कुठे राहायचं? फेसशील्ड कुठलं घ्यायचं? कोविडमध्ये मिळायचं तसलं चालेल का? आणि फणसाची धूळ नाकात गेली की मला दोन दिवस शिंका येतात, त्यासाठी तुम्ही काय वापरता?

आई म्हणते लेथ विकून टाक. बायको तसं म्हणत नाही, पण मी पडवीत गेलो की तीही मागून येऊन उभी राहते. पाच ओंडके शिल्लक आहेत. मला हे काम सोडायचं नाही, पण बटणाकडे हात नेला की छातीत धडधडतं. अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावं, रागावलात तरी चालेल.

प्रतिसाद १

भाऊ, आधी तब्येतीला जपा. मी कोल्हापूरला फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ३१ वर्षं लाकडाचे साचे केले, त्यातली बरीच वर्षं लेथवर. रागवायचं काही कारण नाही, ही चूक मी दोघातिघांची बघितली आहे.

आधी हिशेब करू. इंचातला व्यास आणि आरपीएम यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये राहावा हा जगभरचा अंदाज. १० इंचाला म्हणजे ६०० ते ९००. तेही लाकूड गोल झाल्यावर, ओबडधोबड असताना त्याहूनही कमी. तुमचा गुणाकार १८००० झाला. १० इंचाच्या वाडग्याची कड १८०० वर ताशी ८६ किलोमीटरने पळते. आणि मार वेगाच्या वर्गाने वाढतो, ८०० च्या तुलनेत १८०० ला पाचपट. लाटण्याला १८०० काहीच नाही, कारण ते दीड-दोन इंचाचं.

पट्टा बरोबर असता तर टेनन टिकलं असतं का? कदाचित त्या दिवशी टिकलं असतं आणि कोरताना पटाशी अडकली की तुटलं असतं. ओंडक्याच्या वर्तुळांचा जो मध्य, तिथूनच चिरा फुटतात, आणि तुम्ही साल काठाला ठेवल्यामुळे तो मध्य नेमका टेननमध्ये आला. उरलेल्या ओंडक्यांचा मध्याकडून निदान इंचभर थर काढून टाका आणि चीर दिसेनाशी होईपर्यंत काढत राहा. ओल्या लाकडात बारीक चीर दिसत नाही, स्पिरिट पुसून बघा. स्पिरिट पटकन उडतं, चिरेत मात्र रेंगाळतं, रेघ उठून दिसते.

टेनन केवढं होतं ते लिहिलं नाहीत. वाडग्याच्या व्यासाचा निदान तिसरा हिस्सा पाहिजे, १० इंचाला सव्वातीन इंच. चकाच्या जबड्यांची तोंडं वाडग्याच्या बुडावर सपाट टेकली पाहिजेत, टेननचं टोक चकाच्या तळाला लागता कामा नये. टोक तळाला लागलं की वाडगा डुगडुगतो. चकाऐवजी फेसप्लेट (स्क्रूने लाकूड धरणारी तबकडी) वापरत असाल तर जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू कधी लावू नका, ते ठिसूळ असतात, वाकायच्या आधी तुटतात.

उभं राहण्याचं म्हणाल तर लेथ चालू करताना फिरणाऱ्या वाडग्याच्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही. तो निसटला तर त्याच रेषेत निसटतो. आमच्या शॉपची सवय होती : पट्टा बघायचा, चकाची चावी हातात आहे ना बघायचं, हाताने एक पूर्ण फेरा द्यायचा, टूल रेस्टला (पटाशी टेकवायच्या आधाराला) लाकूड कुठे घासत नाही ना बघायचं, मग बाजूला सरकून बटण. आणि थरथर जाणवली तर बटणाकडे हात न्यायला वाडग्यासमोरून जावं लागतं का तुम्हाला? बहुतेक तसंच झालं असणार. बटण टेलस्टॉकच्या टोकाला आणून बसवा.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. टेनन ५० मिलिमीटर होतं, म्हणजे दोनच इंच. आणि हो, बटण हेडस्टॉकवर, म्हणजे चकाच्या टोकाला, आहे, मी वाडग्यासमोरूनच हात नेला होता. हे इतके दिवस मला सुचलंच नाही. मी थांबवायला वाकलो म्हणूनच चेहरा त्या रेषेत आला.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे, अपघात विभागात काम केलं आहे. ओठाचा बधिरपणा गालाच्या हाडाखालच्या नसेमुळे असतो, ती हळूहळू भरून येते, कित्येक महिने लागू शकतात. तुमच्या सर्जनना दाखवत राहा. एक वस्तू दोन दिसायला लागली तर तारखेची वाट न बघता जा.

इतरांसाठी लिहिते, कारण ही माहिती घाईत आठवत नाही. गालाला किंवा डोळ्याभोवती जोरात लागलं असेल तर नाक शिंकरू नका, मोडलेल्या हाडातून हवा डोळ्याच्या खोबणीत जाते. डोळ्यात काडी रुतली असेल तर ती उपसू नका, डोळा चोळू नका, पाणी मारू नका. वरून कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा, डोळ्यावर दाब पडता कामा नये, आणि तसंच दवाखान्यात या. बोट तुटलं तर तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकड्याला थेट बर्फ लावू नये. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, बडबड असं काही दिसलं तर माणसाला ‘झोपू दे जरा’ म्हणून घरी ठेवू नका. आणि एकट्याने लेथ चालवत असाल तर फोन खिशात ठेवा, टेबलावर नको.

प्रतिसाद ३

मी बेळगावची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला, लाकडी खेळण्यांच्या गावी, राहून लाखेचं कातकाम शिकले. फेसशील्डबद्दल सांगते. कोविडवालं म्हणजे नुसता प्लास्टिकचा पातळ पत्रा, ते थुंकी अडवायला होतं, लाकूड नाही. पॉलिकार्बोनेटचं घ्या आणि काचेवर ‘झेड ८७+’ असा शिक्का बघा, शेवटचं अधिकचं चिन्ह असेल तरच ते आघाताला तपासलेलं. युरोपी शिक्का असेल तर ‘ईएन १६६’ पुढे बी अक्षर बघा. आतून गॉगल घालायचाच. तरी तीन किलोचं लाकूड पूर्ण वेगाने आलं तर कुठलंही शील्ड पुरणार नाही, तेव्हा वरच्या काकांनी सांगितलेली जागा आणि वेग आधी, शील्ड नंतर.

दुसरं, कापड. पॉलिश करताना फिरत्या लाकडाला कापड लावू नका. चन्नपट्टणला लाख चढवल्यावर केवड्याच्या पात्याने चकाकी आणतात. मला सुरुवातीला वाटायचं ही फक्त जुनी रीत असेल. एकदा माझ्या हातातलं पातं भोवऱ्याच्या मानेत अडकलं, फर्रकन फाटलं आणि संपलं. तिथे सुती फडकं असतं तर बोटांसकट गुंडाळलं गेलं असतं. केवडा नसेल तर टिश्यू पेपर वापरा, तो फाटतो. हातमोजे कधीच नकोत. मनगटातला देवाचा लाल दोरा, कडं, अंगठी, मंगळसूत्र, ओढणी, सगळं काढून किंवा आत खोचून. मी दोरा काढून देव्हाऱ्यात ठेवते आणि काम झालं की परत बांधते. घासकागद लावायच्या आधी टूल रेस्ट पूर्ण काढून ठेवा, बोट त्याच्या नि लाकडाच्या मध्ये सापडतं.

धुळीचं हलक्यात घेऊ नका. लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. एन ९५ नाकावर चिमटून घट्ट बसवा, पंखा बाजूने ठेवा म्हणजे धूळ तुमच्या तोंडासमोरून लांब जाईल. शिसव काही जणांच्या अंगावर उठतो, आणि बिब्ब्याचं लाकूड चुकून ओंडक्यांत आलं तर हातही लावू नका.

प्रतिसाद १

ताई, केवड्याचं उत्तम सांगितलंत. एक राहिलंच. ‘रफिंग गाऊज’ नावाची रुंद पटाशी संचात मिळते. नावावरून लोक तीच वाडग्याला लावतात. ती फक्त लाटण्यासारख्या लांब कामाची आहे. मुठीत जाणारा तिचा दांडा बारीक असतो, वाडग्याच्या आडव्या रेषांत अडकली की तिथूनच मोडते आणि पातं अंगावर येतं.

आणि भाऊ, तुमच्याकडे लाईट जाते-येते ना? साध्या बटणावर लेथ चालू असताना लाईट गेली आणि तुम्ही वाडगा बघायला हात घातलात, तेवढ्यात लाईट आली तर? विहिरीच्या मोटारीला असतो तसला स्टार्टर लावून घ्या. लाईट गेली की तो पडतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत उठत नाही. त्याला ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) मात्र जोडू नका.

धागाकर्ता

नऊ दिवसांनी लिहितोय. लाईटचं वाचून अंगावर काटा आला, इकडे पावसात दिवसातून चारदा जाते. गावातल्या वायरमनकडून स्टार्टर बसवून घेतला, टेलस्टॉकच्या टोकाला, कमरेच्या उंचीवर. पट्ट्याच्या झाकणावर खडूने प्रत्येक पुलीचा आरपीएम आणि त्याला चालणारा जास्तीत जास्त व्यास लिहिला. झेड ८७+ शील्ड मागवलं, चार दिवसांत आलं.

दुसरा ओंडका काढला. मध्याकडून एक इंच कापला, स्पिरिट पुसलं, रेघ होतीच. अजून अर्धा इंच कापला तेव्हा गेली. वाडगा आता उथळ होणार, पण होऊ दे. काल संध्याकाळी सगळ्यात हळू पुलीवर, ५२० ला, टेलस्टॉक लावून, बाजूला उभा राहून हिरवं बटण दाबलं. बायको दारात होती. पहिली दोन मिनिटं मी पटाशी हातात घेतलीच नाही, फक्त फिरताना ऐकत राहिलो. मग बाहेरची बाजू कातली आणि सव्वातीन इंची टेनन काढलं. ओल्या फणसाचा चीक हाताला लागला, तो तेल लावून काढला.

आता आतून कोरायचं आहे. शक्य तितका वेळ टेलस्टॉकचा आधार ठेवायचा विचार आहे. मग मध्ये जो खुंट उरतो तो शेवटी कसा काढायचा?

प्रतिसाद १

खुंट दीड इंच जाडीचा ठेवा आणि भोवतीने कोरत जा. वाडग्याची भिंत जवळजवळ झाली की लेथ बंद करा, टेलस्टॉक मागे घ्या, हाताने फिरवून टेनन आणि चकाची पकड बघा. मग त्याच हळू पुलीवर खुंट टोकाकडून थोडा थोडा उतरवा, घाई करू नका. तोडायला जाऊ नका, तुटताना तळाचे तंतू उपटून येतात. झाला की फोटो टाका.