डॉक्टरच्या घरची कुत्री
"जनावरांच्या डॉक्टरच्या घरची कुत्री कशाला आजारी पडतील," असं माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलंय. या की एकदा मे महिन्यात जळगावला! पारा ४५ वर, रस्त्यावरून उचलून आणलेली माझी कुत्री कूलरसमोर आडवी, आणि मी त्यांच्या कानामागे गोचीड शोधतेय. गोचीडताप काय मालकिणीची डॉक्टरकीची डिग्री बघून येतो? हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, की थांबू नका, रक्त तपासून घ्या.

हिवाळ्यात धोका वेगळा: भरीत. आपल्याकडे त्यात कांद्याची पात सढळ हाताने, आणि कांद्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. सासूबाईंचं आपलं चालूच, "एवढ्याशाने काय होतंय?" त्यामुळे भरिताच्या दिवशी कुत्र्यांची रवानगी गच्चीवर.