मदत हवी आहे: रिकाम्या लिपिड नॅनोकणांनीही आयएल-6 (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) वाढतंय. कारण एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला दाहकारक घटक) की लिपिड?

सांगलीतल्या आमच्या लॅबमधले कण: एसएम-102 (आयनायझेबल, म्हणजे आम्लात धनभारित होणारं लिपिड), डीएसपीसी (फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल, पेग-लिपिड, मोलर प्रमाण 50:10:38.5:1.5. आकार 85 नॅनोमीटर, पीडीआय (आकारातला फरक) 0.12, इथेनॉल डायलिसिसने काढलेलं.

टीएचपी-1 या मानवी पेशींपासून केलेल्या मॅक्रोफेजवर 24 तासांनी एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का ते पाहणारी चाचणी) 90 टक्के पेशी जिवंत, पण आयएल-6 आणि टीएनएफ-अल्फा (हेही दाहाचं प्रथिन) चढलेले, एमआरएनए न घातलेल्या कणांनीसुद्धा. नुसत्या एमटीटीवर कण सुरक्षित म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पीएमए (पेशींना मॅक्रोफेज बनवणारं रसायन) काढल्यावर पेशींना 48 तास विश्रांती दिली आहे. डायलिसिसच्या बफरचा कंट्रोल शांत आहे. एंडोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी निगेटिव्ह येते, पण 0.5 ईयू/मिली स्पाइकची (मुद्दाम घातलेल्या एंडोटॉक्सिनची) रिकव्हरी 50 टक्क्यांखाली, म्हणजे लिपिड चाचणीतच अडथळा आणतंय; तो निकाल धरता येत नाही. टीएलआर4 (एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर) रोधकानेही उलगडा होणार नाही, कारण काही आयनायझेबल लिपिड स्वतःच टीएलआर4 ला बांधले जातात.

फ्लो सायटोमेट्रीसाठी नमुने पुण्याला पाठवावे लागतात, त्यामुळे एलायझावर (प्रथिनं मोजणारी चाचणी) भागेल असा उपाय हवा.

रिकव्हरी 50 ते 200 टक्क्यांत आणायला तुम्ही किती पट डायल्यूशन करता, आधी ट्रायटनने (डिटर्जंट) कण फोडता का? आणि पेशींवर पॉलिमिक्सिन बीचा (एंडोटॉक्सिनला बांधणारं प्रतिजैविक) कंट्रोल लावला तर ते फक्त एंडोटॉक्सिनच बांधेल, की कणांनाही धक्का लावेल?